लाइट येतोय का?

नेटवर्कच्या कामात सगळ्यात जास्त वेळा विचारला जाणारा प्रश्न म्हणजे "लाइट येतोय का?" एका टोकाला कुणीतरी फोन खांद्यात धरून रॅकसमोर उकिडवं बसलेलं असतं, दुसऱ्या टोकाला कुणीतरी स्क्रीनकडे बघत असतं, आणि दोघांच्या मध्ये काही किलोमीटर काच, म्हणजे ऑप्टिकल फायबर. उत्तर बहुतेक वेळा "हो, हिरवा दिवा लागलाय" असंच येतं. पंचाईत तिथून पुढे सुरू होते. हिरव्या दिव्याला होय आणि नाही एवढंच बोलता येतं, आणि प्रकाशाचं काम तेवढ्यावर कधीच भागत नाही. किती येतोय, कालच्यापेक्षा कमी येतोय का, आणि जेवढा येतोय तेवढा पाठवताना पलीकडच्या लेझरची किती दमछाक होतेय, हे विचारायला हवं असतं.

हे सगळं सांगू शकणारी वस्तू स्विचच्या, म्हणजे नेटवर्कमधला डेटा इकडून तिकडे वळवणाऱ्या पेटीच्या, तोंडाशीच खोचलेली असते. ऑप्टिकल ट्रान्सीव्हर मॉड्यूल. आम्ही सरसकट 'मॉड्यूल' म्हणतो, नाहीतर 'एसएफपी'. मग ते खरोखरचं एसएफपी असो की त्याचा मोठा भाऊ क्यूएसएफपी. धातूची चपटी डबी, साडेपाच-सहा सेंटिमीटर लांब, जेमतेम साडेतेरा मिलिमीटर रुंद. मागच्या टोकाला सोनेरी पट्ट्यांची कडा, ती स्विचच्या पोटात जाऊन बसते. पुढच्या टोकाला दोन चौकोनी भोकं आणि बाहेर ओढायला एक छोटीशी कडी. एका भोकाच्या मागे लेझर, दुसऱ्याच्या मागे फोटोडायोड. स्विचकडून आलेली वीज इथे प्रकाश होते आणि फायबरमधून आलेला प्रकाश इथे परत वीज होतो. दुसरं काही काम नाही.

काचेचं कौतुक फार झालं, आणि ते व्हायलाच हवं होतं. १९६६ साली चार्ल्स काव आणि जॉर्ज हॉकहॅम यांनी मांडलं की काचेतली अशुद्धी काढली तर एका किलोमीटरला २० डेसिबलपेक्षा कमी घट येऊ शकते, आणि मग तिच्यातून टेलिफोन चालवता येईल. २० डेसिबल म्हणजे किलोमीटरभर गेल्यावर शंभरातला एक हिस्सा प्रकाश उरणं. त्या काळी एवढंही स्वप्नच होतं. १९७० मध्ये कॉर्निंग या अमेरिकी काच कंपनीच्या मॉरर, केक आणि शुल्ट्झ यांनी ते गाठलं. आजच्या फायबरमध्ये १५५० नॅनोमीटर तरंगलांबीला घट किलोमीटरमागे ०.२ डेसिबलच्या घरात असते, म्हणजे शंभरातले पंचाण्णव हिस्से उरतात. कावना २००९ चं नोबेल मिळालं. त्याच १९७० साली दुसरीही एक गोष्ट घडली होती, तिची आठवण कमी निघते. लेनिनग्राडमध्ये झोरेस अल्फेरोव्ह यांच्या गटाने आणि बेल लॅब्जमध्ये हायाशी आणि पॅनिश यांनी, खोलीच्या साध्या तापमानाला अखंड चालणारा अर्धवाहक लेझर करून दाखवला. त्याआधीचे अर्धवाहक लेझर अखंड चालवायचे तर अतिथंड ठेवावे लागत. काच कितीही शुद्ध झाली असती, तरी डबीत मावणारा लेझर नसता तर ती रिकामीच पडून राहिली असती. माझा कल उघडच लेझरकडे आहे. काच बिघडली तरी एका जागी बिघडते. लेझर मात्र झिजतो. झिजणाऱ्या वस्तूवर लक्ष ठेवावं लागतं, आणि ज्याच्यावर रोज लक्ष ठेवावं लागतं त्याच्यात जीव अडकतो.

तर मॉड्यूल स्वतःबद्दल काय सांगतं? एसएफपीच्या पिढीत पाच आकडे. तापमान, त्याला मिळणारं व्होल्टेज, लेझरचा बायस करंट (लेझर चालू ठेवायला दिला जाणारा विद्युतप्रवाह), बाहेर पडणाऱ्या प्रकाशाची पॉवर आणि आत येणाऱ्या प्रकाशाची पॉवर. डबीत एक चिमुकली मेमरी असते, तिच्या ठरलेल्या जागांवर हे आकडे सतत ताजे होत राहतात आणि स्विच ते वाचतो. कोणत्या जागेवर कोणता आकडा, कोणत्या एककात, हे सगळं एकमेकांचे कट्टर स्पर्धक असलेल्या कंपन्यांनी एकत्र बसून ठरवलेलं आहे. डबीची लांबी-रुंदी, पट्ट्यांची संख्या, खिट्टीचा कोन, सगळंच. याला मल्टिसोर्स ॲग्रीमेंट म्हणतात. एसएफपीचं असं जुळवून घेणं २००० च्या आसपास झालं आणि त्यानंतर आलेल्या बहुतेक सगळ्या डब्या त्याच वाटेने आल्या. एकाच्या स्विचमध्ये दुसऱ्याचं मॉड्यूल बसतं, ते त्यामुळे. निदान बसतं तरी. कारण त्याच मेमरीत बनवणाऱ्याचं नाव लिहायला सोळा अक्षरांची जागा ठेवलेली आहे, आणि काही स्विच ते नाव वाचून 'हे आमचं नाही' म्हणत पोर्ट बंद करून टाकतात. प्रकाश तोच, लेझर बऱ्याचदा एकाच कारखान्यातला, अडतं ते सोळा अक्षरांवर. खिट्टीच्या कोनावर एकमत झालं आणि नावावर फिसकटलं, याचं मला अजून हसू येतं. हसू येतं ते अर्थात पोर्ट चालू झाल्यावर.

पाचांतला सगळ्यांचा लाडका आकडा शेवटचा. आत येणारी पॉवर, आमच्या बोलीत 'आरएक्स'. हा डीबीएममध्ये वाचतात. शून्य म्हणजे एक मिलीवॉट. दर तीन डेसिबल खाली गेलं की निम्मं, दहा खाली गेलं की दहावा हिस्सा. दहा किलोमीटरच्या नेहमीच्या दहा गिगाबिट मॉड्यूलचं उदाहरण घ्या. नियमाप्रमाणे त्याने कमीत कमी उणे ८.२ पाठवायला हवं आणि पलीकडच्याला उणे १४.४ पर्यंत ऐकू यायला हवं. उणे १४.४ म्हणजे मिलीवॉटचाही जेमतेम अठ्ठाविसावा हिस्सा. या दोहोंमधला ६.२ डेसिबलचा फरक हेच सगळं भांडवल. त्यातून दहा किलोमीटर काच, मधले सगळे जोड, प्रत्येक पॅच पॅनल आणि प्रत्येक निष्काळजी हात यांचं भागवायचं. भागून जे उरेल ते मार्जिन. नेटवर्कवाला आयुष्यभर याच शिलकीवर जगतो.

प्रकाश अजिबातच नसेल तर पडद्यावर बहुधा उणे ४० दिसतं. नवख्या पोरांना वाटतं, चला, थोडासा तरी येतोय. तसं नसतं. मेमरीत पॉवर ०.१ मायक्रोवॉटच्या पायऱ्यांनी लिहिली जाते आणि त्यातली सर्वांत खालची पायरी बरोबर उणे ४० डीबीएम होते. शून्याचा लॉगरिदम काढता येत नाही म्हणून पडदा त्या पायरीवर थांबतो. उणे ४० म्हणजे काळोख.

आणखी एक गंमत. पडद्यावर उणे ६.३७ असं दोन दशांश स्थळांपर्यंत रुबाबात लिहून येतं. पण ज्या मानकाप्रमाणे हे मोजलं जातं, त्यात पॉवरच्या आकड्याला अधिक-उणे तीन डेसिबलची सूट आहे. म्हणजे खरा प्रकाश दाखवलेल्याच्या निम्मा असू शकतो किंवा दुप्पट, आणि तरीही मॉड्यूलने नियम मोडलेला नसतो. दोन वेगळ्या मॉड्यूलचे आकडे शेजारी ठेवून "याचा जास्त, त्याचा कमी" असा वाद घालणारी माणसं मी पुष्कळ पाहिलीत. त्या वादाला फारसा अर्थ नाही. त्याच मॉड्यूलचा कालचा आकडा आणि आजचा आकडा, ही तुलना मात्र लाखमोलाची. मोजमाप चुकीचं असलं तरी सहसा रोज तेवढंच चुकीचं असतं, त्यामुळे फरक खरा निघतो. म्हणून नवीन लिंक चालू केली की पहिल्या दिवसाचे आकडे मी लिहून ठेवतो.

त्या फरकातून काय काय कळतं! आरएक्स आठवड्यागणिक झिरपल्यासारखा खाली येत असेल तर कुठेतरी घाण साचतेय, जोड सैल होतोय किंवा पलीकडचा लेझर थकतोय. एका क्षणात तीन डेसिबल पडला, तर कुणीतरी कशाला तरी हात लावलाय, मग समोरचा कितीही शपथा घेऊ दे. एकदा एका लिंकने आम्हाला चांगलंच झुलवलं होतं. लांब पल्ल्याचं, १५५० नॅनोमीटरचं मॉड्यूल. लिंक तुटायची, माणूस जायचा, कपाटाचं दार उघडायचा, की लिंक ठणठणीत. सगळं तपासून, साफ करून, दार लावून परतला की पुन्हा रडगाणं. मॉड्यूल बदललं, पॅचकॉर्ड (जोडायची आखूड फायबर) बदलली, पोर्ट बदलला. शेवटी आरएक्सचा आलेख आणि लोकांच्या येण्या-जाण्याच्या वेळा समोरासमोर ठेवल्या, तेव्हा उलगडा झाला. दारच गुन्हेगार होतं. बंद होताना ते पिवळ्या पॅचकॉर्डला बिजागरीपाशी दाबून वाकवायचं. फायबर वाकली की त्या वळणावरून प्रकाश बाहेर गळतो, आणि १३१० पेक्षा १५५० ला जास्त गळतो. त्याच मार्गावर शेजारच्या जोडीतलं १३१० चं मॉड्यूल निवांत चालत होतं, हाच खरं तर मोठा पुरावा होता. दोन तरंगलांबींपैकी मोठीलाच त्रास होत असेल तर आधी वळण शोधावं.

प्रकाश कमी पडण्याचं सगळ्यात सामान्य कारण मात्र इतकं रंजक नाही. धूळ. सिंगल मोड फायबरमध्ये प्रकाश ज्या गाभ्यातून जातो त्याची जाडी नऊ मायक्रॉनच्या आसपास, आणि भोवतालच्या काचेसकट सगळी मिळून १२५ मायक्रॉन. कनेक्टरच्या टोकाला सव्वा मिलिमीटर जाडीची पांढऱ्या सिरॅमिकची नळी असते आणि तिच्या बरोबर मधोमध ही काच. तपासायच्या सूक्ष्मदर्शकाखाली धरली की आधी नुसता करडा गोल दिसतो. मग फोकस जुळतो आणि कण दिसायला लागतात, बोटाच्या तेलाचा ढगाळ डाग दिसतो, कुणीतरी अल्कोहोलने पुसून तसंच वाळू दिल्याच्या कडा दिसतात. डोळ्यांना लख्ख दिसणारं टोक पडद्यावर असं उघडं पडलं की पहिल्यांदा बघणारा माणूस हमखास दचकतो. नऊ मायक्रॉनच्या वाटेवर पाच मायक्रॉनचा कण बसला तर जायचं कुठून? शिवाय दोन टोकं एकमेकांवर स्प्रिंगने दाबलेली असतात, म्हणजे मधला कण काचेत रुतून कायमचा खड्डाही पाडू शकतो. म्हणून आधी बघा, मग पुसा, परत बघा आणि मगच खोचा. नव्या पाकिटातली पॅचकॉर्डसुद्धा. प्लॅस्टिकचं टोपण लावलेलं होतं म्हणून स्वच्छ असेल, या समजुतीने जितका वेळ खाल्लाय तितका कुठल्याच बिघाडाने खाल्ला नसेल. टोपण धुळीपासून वाचवतं खरं, पण टोपणाच्या आत जे आहे ते थेट टोकावर जातं. क्लिनरचा तो पेन, एकदा दाबला की 'टक्' वाजणारा, माझ्या पिशवीत कायम असतो. तो मागून परत न करणाऱ्यांचीही मनात यादी आहे.

प्रकाश जास्त झाला तरी बिघडतं, हे लोकांच्या पचनी पडत नाही. ऐंशी किलोमीटरचं मॉड्यूल टेबलावर मीटरभर दोरीने समोरच्याला जोडलं, तर समोरचा संवेदनशील फोटोडायोड दिपून जातो, नशीब खराब असेल तर कायमचा जातो. मध्ये ॲटेन्युएटर लावून प्रकाश मुद्दाम मंद करावा लागतो. लांबचं ऐकण्यासाठी घडवलेल्याच्या कानात कुणी ओरडू नये.

आणि हा प्रकाश दिसत नाही, हे विसरून चालत नाही. माणसाचा डोळा साधारण ७५० नॅनोमीटरपर्यंत पोचतो. जवळच्या अंतराची मॉड्यूलं ८५० वर चालतात, लांबची १३१० आणि १५५० वर. दिसत नाही म्हणून पापणी मिटत नाही, म्हणून चालू फायबरच्या टोकात डोकावायचं नसतं. मोबाइलच्या कॅमेऱ्यात बघायची युक्ती सगळ्यांना ठाऊक असते. ८५० ला ती चालते, फिकट जांभळा ठिपका दिसतो. १३१० ला कॅमेरा काळाठिक्कर. "लाइट नाहीये" म्हणून छातीठोकपणे सांगितलं जातं ते इथे. कॅमेऱ्याचा सेन्सर सिलिकॉनचा असतो, आणि साधारण ११०० नॅनोमीटरच्या पुढचा प्रकाश सिलिकॉन शोषतच नाही, तो आरपार जाऊ देतो. त्याच्या दृष्टीने तो प्रकाश नाहीच. म्हणून मॉड्यूलमध्ये फोटोडायोड इंडियम गॅलियम आर्सेनाइडचा लागतो. पण याच आंधळेपणाचा पुढे कुणीतरी फायदा करून घेतला. सिलिकॉन जर १३१० ला पारदर्शक आहे, तर मग सिलिकॉनच्याच चिपवर प्रकाशाच्या वाटा कोरता येतील! आज सिलिकॉन फोटॉनिक्स म्हणून जी मॉड्यूलं येतात, ती याच्यावरच उभी आहेत. त्यात एक मेख राहून गेली ती राहिलीच. सिलिकॉनला प्रकाश वाहून नेता येतो, अडवता-सोडता येतो, पण नीट उत्पन्न करता येत नाही. त्याच्या स्फटिकाची घडणच तशी आहे. लेझर अजूनही इंडियम फॉस्फाइडचाच, बाहेरून आणून जोडलेला.

आता तो आकडा, ज्याच्याकडे कुणी बघत नाही. बायस करंट.

लेझरच्या मागच्या बाजूने थोडासा प्रकाश गळतो. पुष्कळ मॉड्यूलमध्ये तिथे एक छोटा फोटोडायोड बसवलेला असतो. पुढे किती प्रकाश चाललाय याचा अंदाज तो देत राहतो, आणि प्रकाश जरा कमी झाला की सर्किट लेझरला थोडा जास्त करंट देऊन आधीच्या जागी आणून ठेवतं. अखंड, दिवसरात्र. परिणाम असा की बाहेर पडणाऱ्या पॉवरचा आकडा वर्षानुवर्षं सपाट रेषेत चालतो. बघणाऱ्याला वाटतं, काय मस्त मॉड्यूल आहे, जरा म्हणून हललं नाही. प्रत्यक्षात लेझर म्हातारा होत असतो. त्याच्या स्फटिकात दोष वाढत जातात, प्रकाश सुरू होण्यासाठी लागणारा किमान करंट वाढत जातो. वय झालेला गवई सूर तोच लावतो, फक्त त्यासाठी दम जास्त खर्च होतो. ऐकणाऱ्याला सूर ऐकू येतो, दम मोजणारा कुणी नसतो. करंट वाढवण्याची सोय संपली की प्रकाश ढासळतो, आणि मग सगळे म्हणतात, अचानक गेलं. अचानक काहीच गेलेलं नसतं. तिसऱ्या ओळीतला आकडा खूप आधीपासून सांगत होता.

तो वाचताना एक पथ्य मात्र पाळावं लागतं. गरम झालेल्या लेझरलाही करंट जास्त लागतो. त्यामुळे नुसता बायस वाढला म्हणून मॉड्यूल उपटून फेकू नये, आधी पहिल्या ओळीतलं तापमान बघावं. पंखा बंद पडला असेल, समोरची जाळी तुंबली असेल. तापमान तेच आणि करंट चढतोय, ही जोडी दिसली की समजायचं. सगळ्या प्रकारच्या मॉड्यूलना हा नियम सारखा लागू होत नाही, हेही खरं. जवळच्या अंतराच्या काही लेझरांमागे तो पहारेकरी डायोड नसतो. तिथे तापमान बघून आधीच लिहून ठेवलेला करंट दिला जातो, आणि म्हातारपण सरळ बाहेरच्या प्रकाशात उतरतं.

तापमानाचा विषय निघालाच आहे तर रंगांचं सांगतो. एका फायबरमधून अनेक तरंगलांबी एकदम पाठवायच्या असतील तर प्रत्येकीला आपापली जागा हवी. लांब पल्ल्याच्या साध्या लेझरची तरंगलांबी दर अंशाला साधारण ०.१ नॅनोमीटर सरकते. शून्य ते सत्तर अंशांत म्हणजे सात नॅनोमीटर. म्हणून ज्यांनी लेझर थंड करण्याच्या भानगडीत पडायचं नाही असं ठरवलं, त्यांनी दोन चॅनलमध्ये २० नॅनोमीटरचं अंतर सोडलं : १२७० पासून १६१० पर्यंत अठरा चॅनल. सरकायला भरपूर जागा. मॉड्यूलच्या कडीला वेगवेगळे रंग दिसतात ते या तरंगलांबींचे. १५५० ची पिवळी, १६१० ची तपकिरी. ज्यांना जास्त गर्दी करायची होती त्यांनी चॅनलमधलं अंतर ०.८ नॅनोमीटरवर आणलं. तिथे आठ अंशांचा फरक पडला की लेझर शेजारच्या चॅनलमध्ये घुसणार, म्हणून डबीत लेझरखाली इवलासा विजेवर चालणारा कूलर आला. तो वीज खातो, उष्णता बाहेर टाकतो. जागा वाचवली की उष्णता वाढते, हे गणित या डब्यांच्या इतिहासात सारखं पुढे येतं.

आणि वेग वाढला की चुका वाढतात. यात माझी सगळी जुनी शिकवण उलटीपालटी झाली.

दहा गिगाबिटच्या काळात अपेक्षा अशी होती की एक लाख कोटी, म्हणजे एकावर बारा शून्यं इतक्या बिटांमागे फार तर एक चुकावा. सेकंदाला एक हजार कोटी बिट जात असतील तर शंभर सेकंदांत एक. काचेत त्या वेळी एका बिटाची लांबी सुमारे दोन सेंटिमीटर असते, म्हणजे दहा किलोमीटरच्या फायबरमध्ये कुठल्याही क्षणी पाच लाखांच्या आसपास बिट वाटेत असतात, सगळे आपापल्या जागी. एरर काउंटर शून्यावर नसेल तर आम्ही अस्वस्थ व्हायचो. मग ४०० गिगाबिट आलं. नुसता वेग वाढवत नेणं इलेक्ट्रॉनिक्सला झेपेना, तेव्हा प्रकाश चालू-बंद करण्याऐवजी त्याच्या चार पातळ्या केल्या. एका ठोक्यात एकाऐवजी दोन बिट. याला पॅम-फोर म्हणतात. पण तेवढ्याच उंचीत दोनाऐवजी चार पातळ्या बसवायच्या म्हणजे दोन पातळ्यांमधलं अंतर एक तृतीयांश झालं, आणि पूर्वी ज्या गोंगाटाला कुणी विचारत नव्हतं तो आता बिट पलटवायला लागला. उपाय म्हणून चुका टाळायच्या नाहीतच, दुरुस्त करायच्या असं ठरलं. दर ५१४ चिन्हांमागे (चिन्ह म्हणजे बिटांचा छोटा गट) ३० जादा चिन्हं पाठवायची, आणि त्या सगळ्या ५४४ च्या गठ्ठ्यात पंधरापर्यंत चिन्हं चुकली तरी पलीकडे ती बिनचूक भरून काढायची.

याचा हिशेब मी पहिल्यांदा कागदावर मांडला तेव्हा पुन्हा मांडून बघितला. दहा हजार बिटांमागे साधारण २.४ चुका चालतील, अशी मर्यादा आहे. ४०० गिगाबिटच्या मॉड्यूलमधून जादा चिन्हांसकट सेकंदाला सव्वाचारशे अब्ज बिट जातात. म्हणजे अगदी मर्यादेवर उभी असलेली लिंक सेकंदाला दहा कोटी चुका करते. हिरवा दिवा लागलेला, वापरणाऱ्याचं एकही अक्षर इकडचं तिकडे नाही, आणि आत सेकंदाला दहा कोटी चुका! शंभर सेकंदांत एक वरून इथपर्यंत.

सुरुवातीला मला हे पटलं नव्हतं. यात काहीतरी तडजोड आहे असं वाटायचं. आता उलट वाटतं. जुन्या लिंकमध्ये शून्य चुका दिसायच्या, त्यामुळे मार्जिन किती उरलंय हे कळायला मार्गच नव्हता. शून्य, शून्य, शून्य आणि मग एक दिवस धाडकन बंद. नवी लिंक सतत चुकते आणि किती चुकते ते सांगत राहते. कुठल्या गठ्ठ्यात किती चिन्हं दुरुस्त करावी लागली, याची वर्गवारी बऱ्याच स्विचवर वाचता येते. एक-दोन चिन्हांचे गठ्ठे भरपूर, पाचांचे तुरळक, पुढे काहीच नाही. अशी उतरंड असेल तर निवांत झोपावं. दहा-बारा चिन्हं दुरुस्त केलेले गठ्ठे दिसायला लागले, तर पंधराची भिंत जवळ आली आहे. सोळावं चिन्ह चुकलं की अख्खा गठ्ठा गेला. भिंतीपासून आपण किती अंतरावर उभे आहोत, हे या मॉड्यूलनी पहिल्यांदा दाखवलं. पण दाखवलेलं बघायला हवं. अजूनही बिघाड नोंदवताना "लिंक अप आहे" एवढंच लिहून येतं.

या दुरुस्त्यांसाठी आणि मोडक्या सिग्नलला सरळ करण्यासाठी हिशेब करणाऱ्या चिपा लागतात, आणि त्यांची भूक मोठी. शंभर गिगाबिटचं मॉड्यूल साडेतीन-चार वॉटवर भागवायचं. ८०० गिगाबिटचं पंधरा वॉटच्या आसपास जातं, आणि त्यातली बरीचशी वीज सिग्नल सावरणारी चिपच खाते. एका स्विचला अशी चौसष्ट मॉड्यूलं लागतात. म्हणजे नुसत्या प्रकाशाच्या ये-जा करण्यावर जवळपास एक किलोवॉट, स्विचची स्वतःची वीज वेगळी. चालू स्विचमधून असं मॉड्यूल काढताना हात भाजतो. त्याच्या पाठीवर आता धातूचे पंख असतात, वारा खेळता राहावा म्हणून. कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी हजारो प्रोसेसर एकमेकांना जोडायचे तर या डब्या हजारांच्या पटीत लागतात, त्यामुळे वॉटांवरून सध्या मोठी ओढाताण चालली आहे.

एक गट म्हणतो, मॉड्यूलमधली चिपच काढून टाका, सिग्नल सावरायचं काम स्विचलाच करू द्या. दुसरा गट म्हणतो, डबीच नको. प्रकाशाचं सगळं सामान स्विचच्या मुख्य चिपच्या शेजारी, त्याच तळपट्टीवर बसवा, म्हणजे विजेला तांब्यातून लांब धावावंच लागणार नाही. दुसऱ्या गटाचं गणित कागदावर बिनतोड आहे. माझ्यासारख्याचा आक्षेप साधा आहे : एक लेझर मेला तर काय करायचं? आज मी कडी ओढतो, जुनी डबी बाहेर, नवी आत, मिनिटभराचं काम. चिपशेजारी चिकटवलेलं काही बिघडलं तर अख्खा स्विच उतरवायचा का?

हा आक्षेप ते बनवणाऱ्यांनाही सुचला होता, हे नंतर त्यांचे आराखडे बघताना लक्षात आलं. त्यातल्या बऱ्याच रचनांमध्ये बाकी सगळं चिपशेजारी नेलंय, पण लेझर तेवढा वेगळा काढून पुढच्या तोंडाशी, थंड हवेत, ओढून काढता येईल अशा डबीत ठेवलाय. त्या डबीत डेटा नसतोच. ती नुसता स्थिर प्रकाश पुरवते, आणि बिट त्यावर आत चिपपाशी चढवले जातात. झिजणारी वस्तू हाताशी ठेवली, न झिजणारी आत टाकली. एका लेझरचा प्रकाश आत अनेक चॅनलमध्ये वाटला जातो, म्हणजे एक थकला की एकदम अनेक चॅनलचं मार्जिन खाली येणार. तेव्हा निदान त्या डबीचा तरी बायस करंट रोज वाचावा लागेल.